इस्त्रीखालची फळी

मी एक फळी बोलतेय. इस्त्रीची नव्हे, इंजिनीअरिंगच्या ड्रॉइंगची. आता माझ्यावर इस्त्री फिरते, पण म्हणून मी माझी जात विसरलेली नाही.

सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं. एक कड अगदी सरळ ठेवली, रेघा मारायची टी-स्क्वेअर पट्टी सरकायला. माझी बाई तेव्हा एकोणीसची. मला काखोटीला मारून कॉलेजात जायची. गिअरचे दात काढावेत तर तिनेच.

दुसऱ्या वर्षी तिच्या आईने अंथरूण धरलं. घरात करणारं दुसरं कोणी नाही. बाई कॉलेजच्या कारकुनाकडे गेली, मी काखेतच होते.

"सहाऐवजी तीनच विषय घेऊ का? राहिलेले पुढच्या वर्षी देते."

"भाजी आहे का ही, पावशेर तोलून द्यायला? सहा घे, नाहीतर घरी बस."

ती घरी बसली. माझ्यावर जुनी चादर आली आणि चादरीवर इस्त्री.

आता तिची लेक नोकरी सांभाळून तेच शिकतेय. परवा लॅपटॉपवर टकटक करता करता म्हणाली, "आई, या सत्राला तीनच विषय घेतलेत."

"आणि बाकीचे?"

"पुढे कधीतरी. आता चालतं तसं."

इस्त्री फिरवणारा बाईचा हात जागीच थांबला. चादर करपली, खाली मीही.

"आई, काहीतरी जळतंय."

"मीच जळतेय. तुला आयतं मिळालं म्हणून."

पोटच्या पोरीचा हेवा केला तिने. नावं ठेवणाऱ्यांनी खुशाल ठेवावीत. मी तर त्या लॅपटॉपवर जळते. त्याला पुसायला मऊ फडकं, मला चटके.

लेक हळूच म्हणाली, "तूही घे की एखादा विषय. एकच घेतलास तरी चालतो."

बाईने इस्त्रीचं बटण बंद केलं. "ड्रॉइंग घेईन."

मी मोहरले. आणि ती कार्टी म्हणते, "ड्रॉइंग आता कॉम्प्युटरवर असतं, आई."

झालं. रोज दुपारी बाई शिकायला बसते, आणि तो मेला लॅपटॉप माझ्याच उरावर.

बाई, एक घे, दोन घे, झेपतील तेवढे विषय घे, पण पुरं कर. माझ्यावर कागद नाही लावलास तरी चालेल. रेघ चुकली की तुझा अंगठा आपोआप माझ्या सरळ कडेवरून फिरतो. तेवढं त्या लॅपटॉपच्या वाट्याला जाऊ देऊ नकोस.