न शिवता बाद

“हात वर करू नका म्हणजे झालं,” मी म्हटलं. “काखेत कोट उसवलाय. आतलं अस्तर दिसतं.”

“चौकशीला चाललोय मी, गोदा. झेंडावंदनाला नाही.”

“मग तर मुळीच करू नका. साहेबलोकांपुढे लक्तरं कशाला?”

हे हसले नाहीत. एरवी हसले असते. बटणं लावली, काढली, पुन्हा लावली. पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला. माझाही जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. चुलीवर भात होता, पण खाली जाळ आहे की विझला, तेसुद्धा मी बघितलं नव्हतं.

ही त्रेपन्न-चौपन्न सालची गोष्ट. आमचे हे, आत्माराम नेवरेकर, रत्नागिरीच्या आंबर्डेकर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. नोकरी अजून कायम झाली नव्हती, पदरात दोन मुली. अशा माणसानं तोंडाला कुलूप घालून बसावं की नाही? पण छे! सहामाही परीक्षेत हुतूतूच्या संघातल्या अयूबनं यांच्याच हातात कोरा पेपर दिला. “सर, मना काय येत नाय,” असं बिचारा सांगूनही गेला. यांनी शून्य मार्क दिले. आणि निकाल लागला तर अयूब पास! नापास मुलाला कॉलेजांच्या सामन्यात उतरता येत नाही, असा विद्यापीठाचा नियम होता, आणि अयूबशिवाय आमचा संघ म्हणजे मिठाशिवाय कालवण.

हे प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटले. साहेब म्हणाले, “नेवरेकर, गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. जरा सांभाळून घ्या.” सांभाळून घेतील तर ते आमचे हे कसले? सामन्यांसाठी विद्यापीठाचे पाहुणे डाकबंगल्यावर उतरले होते. हे सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगून आले. पाहुण्यांनी चौकशी लावली, ती नेमकी शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी.

गावात बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागतो? विहिरीवर बायका मला बघून गप्प व्हायला लागल्या. शेजारच्या आनंदीबाई तर तोंडावर म्हणाल्या, “पोर जिंकतोय, तर तुमच्या घोवाच्या पोटात कशाला दुखतंय?” मी फणकाऱ्यानं कळशी उचलली आणि घराकडे वळले.

बरं, तो पोरगा कोणी परका असता तर गोष्ट वेगळी. दर रविवारी आमच्या ओटीवर इंग्रजी शिकायला बसायचा. आमच्या मुली त्याच्या इंग्रजीच्या नकला करायच्या आणि तोच सगळ्यांत जास्त हसायचा. हे त्याच्या खेळावर लट्टू होते. “कोणाला दिसत नाही, पंचालाही नाही, पण नुसतं बोट लागलं तरी हा आपण होऊन हात वर करतो आणि बाहेर जातो. असा खेळाडू बघितला नाही!” ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की यांनी ‘कोणाला’ म्हटलं की पुढचं मीच म्हणून टाकायची.

“वैनी, सर हायत का?”

मागच्या दाराशी अयूबची आई उभी होती. रहिमा. पूर्णगडाहून पहाटेच निघून, भाट्याच्या खाडीवरच्या तरीत, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीत, बसून ती आली होती. पदराखालून तिनं सुक्या सोड्यांची पुडी काढली आणि उंबऱ्यावर ठेवली. मग माझ्याशी बोलायचं सोडून ती यांच्याकडेच वळली.

“सर, आज सामन्याला मुंबैच्या गिरणीचे लोक येनार हायत. पोर चांगला खेळला तर नोकरीला घेतो बोललेत. त्याचा बापूस बोटीवरनं पाय मोडून आला, तवापासनं घरात बसलाय. एक डाव गप रवा ना, सर.”

“रहिमाबाई, मी अयूबच्या विरुद्ध बोलत नाही.”

“मग कुनाच्या बोलताव? नाव तर त्याचाच निघनार ना!”

हे गडबडले. “अहो, त्याला काही न शिकवता पास करताहेत. उद्या गुडघा मोडला तर हेच लोक त्याला ओळखसुद्धा दाखवणार नाहीत. मग त्याच्या हातात काय राहील?”

“आज काय हाय हातात, सर?”

हे खाली बघून चपला शोधत राहिले, त्या समोरच होत्या. आणि खरं सांगते, मला रहिमाचंच पटत होतं. नवरा खरं बोलतोय हे कळत होतं, तरी तो खोटं बोलला तर बरं, असं मला मनापासून वाटत होतं.

हे गेले. मी रहिमाला चहा दिला, तो तिनं अर्धाच घेतला. “सामना बघायला थांबा की,” मी म्हटलं.

“नाय वैनी, मना नाय बघवत. तरीवर जाऊन बसते. सामना झयला की पोराला घेऊन घरी जाईन.” उठताना तिनं पुडी माझ्याकडे सरकवली. “सोडे ठेवा पोरींना.”

इतकं सगळं बोलणं होऊनही तिनं ती परत नेली नाही.

दुपारी हे आले ते थेट आत गेले, आणि फळीवरची पुस्तकं काढून जमिनीवर रचायला लागले. मी मागोमाग गेले.

“काय झालं ते सांगाल की नाही?”

“प्रिन्सिपॉलांनी एक लिहिलेला पेपर काढून पुढे ठेवला. पाहुण्यांनी अयूबला विचारलं, तुझाच का? तो हो म्हणाला.”

“अयूब?”

“माझ्याकडे बघितलं नाही त्यानं.” यांनी सुतळीचा तुकडा दाताखाली धरला, मग काढला. “माझा त्याच्यावर आकस आहे असं ठरलं. उद्यापासून येऊ नका म्हणाले.”

“झालं समाधान?” मी ओरडले. “हरिश्चंद्राचा अवतार! आता पोरींना काय सत्य शिजवून घालू?” हे सुतळीला गाठ मारत राहिले, त्यामुळे मी आणखीच भडकले. मग तो राग फिरला अयूबवर. आमच्या ओटीवर बसला, माझ्या हातची घावनं खाल्ली, आणि ज्यानं शिकवलं त्यालाच खोटं पाडलं! त्याचं तोंड एकदा बघायचंच, आणि चार शब्द असे सुनवायचे की जन्मभर लक्षात राहतील. पायांत चप्पल सरकवली आणि तडक मैदान गाठलं.

मैदानाच्या कडेच्या जांभ्या दगडाच्या गडग्याआड बायका उभ्या होत्या. त्यांनी मला जागा करून दिली. पुढ्यातच खुर्च्यांवर प्रिन्सिपॉल, विद्यापीठाचे पाहुणे आणि टोपीवाले गिरणीचे दोघं बसले होते. अख्खं गाव लोटलं होतं. सामना कोल्हापूरकडच्या एका कॉलेजाशी होता आणि आमचे पुढे होते. “अयूब, अयूब” असा नुसता गजर चालला होता. तो मात्र कोपऱ्यात उभा होता, कंबरेवर हात ठेवून, जणू कोणाची तरी वाट बघत होता.

कोल्हापूरचा गडी हुतूतू घुमवत आत आला. इकडे झेपावला, तिकडे झेपावला, दम संपत आला तसा रेषेकडे पळाला. अयूबच्या जवळपाससुद्धा तो गेला नव्हता. आम्ही सगळ्यांनी बघितलं.

आणि अयूबनं हात वर केला.

पंच चक्रावला. “अरे, तुला कुठे शिवलाय तो?”

कोल्हापूरचा पोरगाही धापा टाकत म्हणाला, “न्हाई ओ, म्या शिवलो न्हाई ह्याला.”

“अयूब, आत जा!” प्रिन्सिपॉल खुर्चीतून उठले.

अयूब आत गेला नाही. बाद झालेल्यांच्या जागेवरही बसला नाही. हात तसाच वर ठेवून तो खुर्च्यांपुढे आला. मी हाताच्या अंतरावर होते.

“साहेब,” तो पाहुण्यांना म्हणाला, “मी पेपर कोरा दिलेला. तो लिवलेला माझा नाय. सर खरं बोलले.”

“काय बरळतोयस, कळतंय का तुला?” प्रिन्सिपॉलांचा आवाज चिरकला.

“हां साहेब. मी बाद हाय.”

मग जो गलका उठला! कोणी शिव्या घातल्या, कोणी वाळू फेकली. गिरणीचे दोघं टोप्या सारख्या करत उठले. अयूबनं कडेला काढून ठेवलेला सदरा उचलून खांद्यावर टाकला. गडग्याजवळून जाताना त्याची नि माझी नजरानजर झाली. मी चार शब्द सुनवायला आले होते ना? नुसतं “अयूब, बाळा” एवढंच म्हटलं. तो मान खाली घालून निघून गेला.

मी पळतच घरी आले. यांच्या पुस्तकांचा गठ्ठा बांधून होत आला होता.

“अयूब बाद झाला,” मी म्हटलं.

“कोणी शिवलं त्याला?”

“कोणी नाही.” मग मी सगळं सांगितलं, रहिमा तरीवर लेकाची वाट बघतेय तेसुद्धा.

हे गठ्ठ्यावरच बसले. सुतळीचं टोक हातात होतं, ते बोटाला गुंडाळत राहिले. मग उठले, खुंटीवरचा कोट चढवला आणि म्हणाले, “भाट्याची तर सुटली नसेल अजून.”

यांची नोकरी गेली ती गेलीच. संघ बाद ठरला, पण कॉलेजनं यांना परत बोलावलं नाही. आम्ही चिपळूणला बिऱ्हाड केलं, आणि अयूब पुढे बापासारखाच बोटीवर लागला. पण ते सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी आम्ही भाट्यावर पोचलो तेव्हा होडी सुटली होती. खाडीच्या मध्यावर होती. मायलेक शेजारी बसले होते, अयूबची पाठ आमच्याकडे.

यांनी हाक मारली, ती समोरच्या वाऱ्यात विरली. मग यांनी हात वर केला, अगदी सरळ, होता तेवढा. काखेतलं अस्तर लोंबायला लागलं. धक्क्यावरची माणसं बघत होती.

रहिमाला आधी दिसलं. तिनं लेकाला कोपरानं ढोसलं. तो वळला आणि भर पाण्यात ताडकन उभा राहिला. तर डुचमळली. “ए, बस खाली! बुडवतोस काय समद्यांना?” तांडेल ओरडला, ते आमच्यापर्यंत ऐकू आलं.

तर पलीकडे लागेपर्यंत यांचा हात तसाच वर होता. हात खाली घ्या, असं मी त्यांना म्हटलं नाही.