मागच्या सीटवरचा ड्रायव्हर

डावीकडच्या वळणावर सूनबाईने मोटरसायकल डावीकडे झुकवली, आणि त्याच क्षणी मागे बसलेले सासरेबुवा सगळा भार घेऊन उजवीकडे झुकले. गाडी डगमगली. हँडल हातात थरथरलं, पुढचं चाक कडेच्या वाळूत शिरता शिरता राहिलं, आणि कठड्यापलीकडे, पार खाली, समुद्र दिसून गेला. ओठ घट्ट मिटून तिने गाडी सरळ केली. मागून खांद्यावर टकटक झाली.

"वळणं जरा नीट घे," सासरेबुवा हेल्मेटमधून ओरडले.

सकाळपासून हे असंच चाललं होतं. सरळ रस्त्यावर काही तक्रार नव्हती. पण वळण आलं की तिला वाटायचं, मागे सिमेंटची गोणी बांधली आहे, आणि तीही स्वतःच्या मर्जीने हलणारी. शिवाय खांद्यावर टकटक. एकदा हॉर्न वाजव म्हणून, एकदा समोर ट्रक आहे म्हणून, एकदा नुसतीच.

सासरेबुवांचा सगळा जन्म लांब पल्ल्याची बस चालवण्यात गेला होता, तोही याच किनाऱ्याच्या रस्त्यावर. आपल्या गाडीला कधी साधा ओरखडा आला नाही, हे घरी आलेल्या माणसाला पाण्याचा पेला हातात पडायच्या आधी कळायचं. दुचाकीला मात्र त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता. दोन चाकं म्हणजे अर्धी गाडी, असं त्यांचं मत होतं. ही अर्धी गाडी त्यांच्या मुलाने हौसेने घेतली, बापाच्या नावावर केली आणि जहाजावरच्या नोकरीवर निघून गेला. तेव्हापासून, तो सुट्टीवर नसला की, ती जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी असायची.

सूनबाई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि वेळेत परत आणून द्यायचे, हे तिचं काम. निम्मा दिवस बसची वाट पाहण्यात जाई. किनाऱ्यावरच्या लांबच्या वस्त्या ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना मिळत. तिच्या वाट्याला बसस्टॉपच्या आसपासची घरं. नवरा सुट्टीवर आला तेव्हा ती त्याच्या मागे लागून मोटरसायकल शिकली, परवाना काढला आणि मग सासऱ्यांपुढे विषय काढला. त्यांनी तोवर गाडीसाठी गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, बाबा म्हणतील तसं. त्याच्याकडून तिची याहून जास्त अपेक्षाही नव्हती.

बऱ्याच धुसफुशीनंतर असं ठरलं की या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची बहीण राहते, तिच्याकडे सुनेने त्यांना गाडीवरून न्यायचं. सुनेच्या हाती गाडी सोपवावीशी वाटली तर गाडी घरात राहील. नाहीतर तिथूनच गिऱ्हाइकाला फोन करून होकार कळवायचा. माझं मन सांगेल ते, असं सासरेबुवा म्हणाले होते. ते मन सूनबाईच्या चांगल्या ओळखीचं होतं. भेंडी घेतानासुद्धा ते बाजाराला दोन चकरा मारायचं.

आता खरी वळणं पुढेच होती. डोंगराच्या कडेकडेने रस्ता वर चढत होता आणि तसाच वळत वळत पलीकडच्या बंदराकडे उतरत होता. चढाआधी एक चहाची टपरी दिसली, तिथे तिने गाडी उभी केली. हात भरून आले होते. आपण हरलो, असंच तिला वाटत होतं, आणि त्याचा राग येत होता.

सासरेबुवा मात्र टपरीवाल्यापाशी रमले होते. ती आपला चहा उचलायला आली तेव्हा बस वळणावर कशी कलते ते चाललं होतं. हातातला भरलेला ग्लास त्यांनी एका बाजूला कलवला, आणि तो कलताच त्यांचं अख्खं अंग आपोआप दुसऱ्या बाजूला गेलं.

"गाडी कलली की उलटली समज," ते टपरीवाल्याला सांगत होते. "ती कलायच्या आत सावरायची."

सूनबाई चहा तसाच हातात धरून बघत राहिली. म्हणजे हा माणूस सकाळपासून प्रत्येक वळणावर आपल्याला वाचवत होता. तिचा राग एकदम ओसरला आणि हसू यायला लागलं. ते दाबून ती त्यांच्याशेजारी बाकावर बसली.

"बाबा, वळणावर तुम्ही दुसरीकडे झुकता ते मला सावरायला?"

"मग? तू तर पाडायलाच निघतेस."

"ही कलली नाही तर वळतच नाही, बाबा. मी मुद्दाम कलवते. तुम्ही सावरता, म्हणून ती सरळ कठड्याकडे जाते."

सासरेबुवांनी गाडीकडे पाहिलं, मग हातातल्या ग्लासाकडे.

"मग मी करायचं काय?"

"काही नाही. मला धरून बसायचं आणि मी जाईन तिकडे यायचं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

काहीही न करण्याचं काम त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. हेल्मेट घालताना त्यांनी पट्ट्यालाही तिला हात लावू दिला नाही. झालं, बिनसलं, असं म्हणून तिने गाडी सुरू केली.

पहिल्या वळणावर तिला मागे त्यांचं अंग ताठ झालेलं कळलं. ते निघालेच होते दुसरीकडे, पण निम्म्यात थांबले. दुसऱ्या वळणावर त्यांनी तिचं जाकीट दोन्ही मुठींत गच्च पकडलं. तिसऱ्याला मागे कुणी आहे की नाही तेच कळेना, इतकी गाडी अलगद वळली. मग तिने वळणं मोजली नाहीत. समोर समुद्र यायचा, बाजूला जायचा, पुन्हा समोर यायचा. उन्हात त्याच्याकडे बघवत नव्हतं. गाडी कलायची, वळायची आणि उठून पुढच्या वळणासाठी तयार व्हायची. एक मोठा ट्रक बराच वेळ पुढे रेंगाळत होता, त्याला तिने मोकळा रस्ता बघून मागे टाकलं. खांद्यावर टकटक झाली नाही. सूनबाईला आनंद झाला, इतका की ती हेल्मेटच्या आत एकटीच मोठ्याने हसली.

उतार संपता संपता तिच्या पाठीवर काहीतरी जड टेकलं. सासऱ्यांचं हेल्मेट. वेगाचा काटा बघायला वाकले असतील, बघा म्हणावं खुशाल. विकायची तर विकू देत. आजचा रस्ता आपला झाला, तो काही त्यांना गिऱ्हाइकाला देता येणार नव्हता. मुठी अजून जाकिटात होत्या, आणि बंदराच्या गल्लीपर्यंत ते वजन हललं नाही.

आत्याबाई फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला, तो तसाच खाली घेतला आणि जवळ येऊन भावाच्या हेल्मेटमध्ये डोकावून पाहिलं.

"अगं, हा झोपलाय," त्या कुजबुजल्या.

सूनबाईला मान वळवता येईना. इंजिनाच्या आवाजाखालून मागे बारीक घोरणं ऐकू येत होतं.

"दुसऱ्याच्या गाडीत हा कधी झोपत नाही गं," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या लग्नाच्या बसमध्ये अख्खं वऱ्हाड झोपलं, आणि हा ड्रायव्हरच्या शेजारी उभा. वडिलांना इस्पितळात नेलं, तेव्हा त्या गाडीतही रस्ताभर पायाने नसलेला ब्रेक दाबत होता. झोप म्हटलं तर म्हणायचा, दुसऱ्याच्या हातावर कसा झोपू?"

उतरायचं तर सासरेबुवा कलंडले असते, म्हणून दोन्ही पाय जमिनीला टेकवून सूनबाई तशीच गाडी धरून उभी राहिली. पाय दुखायला लागले, तरी तिला घाई नव्हती. शेवटी आत्याबाईंनीच खूण केली, तेव्हा तिने किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं आणि सासरेबुवा दचकून जागे झाले.

"का थांबवलीस?"

"घर आलं, बाबा."

त्यांनी आधी फाटक पाहिलं, मग बहीण, मग सुनेच्या जाकिटातल्या आपल्या मुठी. त्या सोडायला त्यांना थोडा वेळ लागला.

"वाऱ्याने डोळे मिटले जरा," खाली उतरत ते म्हणाले.

"घोरतही होतास जरा," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं. हेल्मेट काढून सीटवर ठेवलं, खिशातून फोन काढला, लांब धरून गिऱ्हाइकाचा नंबर शोधला आणि लावला. सूनबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पलीकडे घंटा वाजायला लागल्यावर त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

"घे. तुझ्या गाडीचं तू बोल."

सूनबाईने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि फोन कानाला लावला.