जोडगादी आणि चार टायर

गादीवाल्यांनी लाल गाडी घरी आणली तेव्हा त्यांच्या बायकोने ती पुढून पाहिली, मागून पाहिली आणि विचारलं, "बाकीची कुठंय?"

गाडी बुटकी होती, दोन दारांची होती आणि आधी दोघातिघांनी वापरलेली होती. या तिन्ही गोष्टी गादीवाल्यांनी कौतुकाने सांगितल्या आणि बायकोने तक्रारी म्हणून ऐकल्या. त्या गाडीत बसायचं नसायचं, पडायचं असायचं. बाहेर यायचं तर आधी एक पाय काढायचा, मग दाराला लटकायचं, मग "आई गं" म्हणायचं, तेव्हा कुठे माणूस उभा राहायचा. बायकोने गाडीचं नाव 'सवत' ठेवलं. गादीवाल्यांना ते नाव मनातून आवडलं, पण तसं दाखवण्याइतके ते भोळे नव्हते.

पहिल्याच फेरीत घात झाला. टायर झिजून पार गोटा झाले होते आणि रबर वाळून दगड झालं होतं. रस्त्यातला एकही खड्डा बायकोच्या कमरेतून सुटला नाही. घरी आल्यावर ती भिंत धरत धरत आत गेली आणि पलंगावर पडल्या पडल्या तिने निकाल दिला.

"नवे टायर घाला. मी आणखी एकदाच बसेन. तेव्हाही कंबर धरली, तर ही सवत दारात नको."

गादीवाल्यांचा जीव टांगणीला लागला. गाडी जाईल याचं दुःख होतंच, पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. नवराबायकोचं दुकान लांबच लांब होतं. दाराशी गिऱ्हाईक पटवायला ते, पार आतल्या टोकाला गल्ल्यावर ती, आणि मध्ये गाद्यांच्या चळती. दिवसभर बोलणं व्हायचं ते ओरडून, आणि तेही "डबल आहे का?" "आहे!" एवढंच. कुठे जायचं तर दुकानाच्या टेम्पोतून, आणि टेम्पोत मेहुणा तरी असायचा, नाहीतर कुणाची तरी पोहोचवायची गादी, नाहीतर त्या गादीबरोबर निघालेली गिऱ्हाइकाची सासू. या लाल गाडीत तिसऱ्याला जागाच नव्हती. म्हणून तर ती घेतली होती. पण हे बायकोला सांगायची त्यांना लाज वाटत होती. या वयात असलं काही बोललं तर ती हसेल, आणि मेहुण्याला सांगून पुन्हा हसेल.

टायरच्या दुकानाची मालकीण भरदार आवाजाची होती आणि तिला सगळे टायरबाई म्हणत. येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिला प्रश्न एकच विचारायची.

"गाडी कशी चालवता?"

"सांभाळून," गादीवाले म्हणाले.

टायरबाईंनी वाकून जुन्या टायरची कड पाहिली. बाहेरची बाजू वळणं घेऊन घेऊन पार खाल्ली गेली होती.

"हे सांभाळून?"

"ते आधीच्या मालकाचं असेल."

"सगळं आधीच्या मालकाचंच असतं," टायरबाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन टायर पुढे घरंगळत आणले. "हा स्पोर्ट. कडक, रस्ता घट्ट धरतो, पण रस्ता कसा आहे ते कळवत राहतो. हा कम्फर्ट. मऊ, आवाज नाही, धक्का नाही, पण वळणावर जरा आळशी. बोला."

आता गादीवाल्यांच्या धंद्यातला एक नियम होता. झोपून बघितल्याशिवाय माल घ्यायचा नाही. दुकानात ते गिऱ्हाइकांना गादीवर आडवं करत आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहत. कुणी बघत असलं की माणूस उताणा पडतो, हातपाय ताठ करून. कुणी बघत नसलं की कुशीवर वळतो. लोक उताणे पडून गादी घेतात आणि कुशीवर झोपून तक्रार करतात, हे त्यांचं आयुष्यभराचं निरीक्षण होतं. टायरवर झोपता येत नव्हतं म्हणून ते बसले. आधी कडक टायरवर बसले, मग मऊ टायरवर, मग दोन्हींवर कोपर रोवून पाहिलं, गुडघा दाबून पाहिला. हवा भरायला आलेली माणसं हवा भरून झाली तरी जाईनात.

"जरा पाठ फिरवता का?" गादीवाले टायरबाईंना म्हणाले.

"का? काय करणार आहात?" टायरबाईंनी पाठ काही फिरवली नाही.

दोन्ही टायर त्यांना पटले, तीच पंचाईत झाली. कडक टायरवर बसल्यावर त्यांना स्वतःला वळणदार रस्ता दिसू लागला. मऊ टायरवर बसल्यावर बायकोची कंबर दिसू लागली. आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात जोडगादी आली.

जोडगादी हा त्यांचाच शोध. नवऱ्याला कडक हवी, बायकोला मऊ हवी, दोघं दुकानात भांडायला उठणार, आणि गिऱ्हाईक जाणार. म्हणून त्यांनी अर्धी कडक आणि अर्धी मऊ अशी गादी मध्ये शिवण घालून एकाच खोळीत बसवली होती. या गादीने कित्येक संसार वाचवले असं ते छातीठोकपणे सांगत. पहिली जोडगादी त्यांनी स्वतःच्याच घरी नेली होती.

"माझ्या बाजूचे दोन कडक," ते म्हणाले, "आणि बायको बसते त्या बाजूचे दोन मऊ."

टायरबाईंनी आधी कानावर विश्वास ठेवला नाही, मग कपाळाला हात लावला. "अहो, तो काय पलंग आहे? समोरासमोरचे दोन टायर एकसारखेच पाहिजेत. नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. ब्रेक मारलात की फिरेल. असली गाडी माझ्या दुकानातून बाहेर पडणार नाही."

"बरं, मग पुढचे दोन मऊ, मागचे दोन कडक," गादीवाले गरिबासारखे म्हणाले.

"तेही मला पसंत नाही."

"पण चालतं ना?"

टायरबाई बराच वेळ कुरकुरल्या. शेवटी "सांभाळून चालवणारे आहात म्हणून देते" असा टोमणा मारून त्यांनी टायर बसवून दिले. गादीवाले शीळ घालत निघाले, कारण त्यांचा हिशोब झाला होता. पुढचा एक आणि मागचा एक, तिरक्या रेषेतले दोनच टायर आपसात बदलले की एक बाजू कडक आणि एक बाजू मऊ होणार होती.

ते काम त्यांनी घराच्या मागच्या अंगणात मेहुण्याला हाताशी धरून उरकलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. जो समोर असेल त्याचं त्याला पटायचं. जॅक लावताना त्याला दाजींचं पटलं, नट सोडवताना टायरबाईंचं पटलं.

"दाजी, पण ती बाई म्हणाली ना, की ओढेल?"

"तिला टायर कळतात. मला नवराबायको कळतात."

"ते पण खरंच आहे," मेहुणा म्हणाला आणि त्याने नट आवळले. "ताईला सांगायचं नाही ना?"

"अजिबात नाही."

"मग मला आज तिच्यासमोर जेवायला बसवू नका. माझ्या पोटात काही राहत नाही."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी बायको कमरेमागे उशी धरून बाहेर आली. ती गाडीत पडली. गादीवाल्यांनी हळुवार गाडी काढली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. खड्डा आला, गेला. ती काही बोलली नाही. दुसरा आला. ती काही बोलली नाही. गादीवाल्यांना आनंदाचं भरतं आलं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मात्र गाडीने आपले रंग दाखवायला सुरुवात केली. ती बायकोच्या बाजूला ओढू लागली. गादीवाले स्टिअरिंग आपल्याकडे खेचत, गाडी पुन्हा तिकडे निघे. त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. मग दोन्ही हात आणि एक गुडघा लावला. कपाळावरून घाम ओघळू लागला, पण चेहरा त्यांनी सहलीला निघाल्यासारखाच ठेवला.

"अहो, ही माझ्या बाजूला का जातेय?"

"रस्ता उतरता आहे."

"झाडं तर सरळ उभी आहेत."

तेवढ्यात सिग्नल लाल झाला आणि गादीवाल्यांनी ब्रेक दाबला. कडक बाजूने रस्ता पकडला, मऊ बाजूने विचार केला, आणि गाडी गरकन तिरकी होऊन औषधाच्या दुकानाकडे तोंड करून थांबली. दुकानदार काउंटरवरून त्यांच्याकडे पाहू लागला आणि त्यांना काय हवंय ते ऐकायची वाट बघू लागला. मागून एका दूधवाल्याने त्यांच्या चालवण्याबद्दल चार शब्द ऐकवले, आणि त्यातला एकही लिहिण्यासारखा नव्हता.

"गाडी बाजूला घ्या," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम शांत होता आणि गादीवाल्यांचं धाबं दणाणलं ते त्या शांतपणामुळेच.

त्यांनी गाडी कडेला लावली आणि सगळं सांगून टाकलं. कडक, मऊ, टायरबाई, मेहुणा, सगळं. सांगताना त्यांच्या तोंडून तेही निसटलं, की तिसऱ्याला जागा नको म्हणून ही गाडी घेतली. मग ते खाली मान घालून निकालाची वाट पाहत बसले. सवत आता दारातून जाणार, यात त्यांना शंका उरली नव्हती.

बायकोने तोंड दुसरीकडे वळवलं. मग तिचे खांदे हलू लागले. मग ती इतकी हसली की कमरेमागची उशी घसरून खाली पडली.

"जोडगादी? गाडीला?"

"तुझ्या कमरेसाठीच ना!"

"माझी कंबर टायरने दुखत नाही हो." तिने डोळे पुसले आणि खाली बोट दाखवलं. "हे बघा."

गादीवाल्यांनी वाकून पाहिलं. तिच्या पायाखालची रबरी चटई पुढे रेटली जाऊन गोळा झाली होती.

"तुम्ही चालवता तेव्हा मी इथे ब्रेक दाबते. नसला तरी दाबते. समोर गाडी आली की दाबते, वळण आलं की दाबते. लग्न झाल्यापासून दाबतेय. टेम्पोत निदान धरायला दांडा आहे, इथे तोही नाही. मग कंबर धरणार नाही तर काय होणार?"

गादीवाले चाट पडले. ज्याला सगळ्या गावाच्या कमरांची माहिती, त्याला घरातली एक कंबर कळली नव्हती.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? मऊ हवं की कडक, एवढंच विचारता. तेही स्वतःच उत्तर देऊन मोकळे होता." तिने पडलेली उशी उचलली. "आणि मला मऊ गादी आवडते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे?" गादीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"रुतते मी त्यात. तुम्ही घोरायला लागलात की मी सरकते शिवणीवर. तिथून पुढे जरा तुमच्या बाजूला. सकाळी तुम्ही उठायच्या आत परत जागेवर."

गादीवाल्यांना एकाच वेळी फार वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं. औषधाच्या दुकानदाराने एव्हाना नाद सोडून पेपर उघडला होता.

टायरबाईंच्या दुकानापर्यंत गाडी बैलाच्या चालीने गेली. टायरबाईंनी चाकांकडे एक नजर टाकली, गादीवाल्यांकडे दुसरी टाकली, आणि जे बोलायचं ते गिळलं. मग सवयीने त्यांनी बायकोला विचारलं, "गाडी कशी चालवता?"

"माहीत नाही. अजून मला कुणी दिली नाही."

गादीवाल्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातात ठेवली. त्यासाठी त्यांना बरीच हिंमत लागली, हे कबूल करायला पाहिजे. गाडी चालवायला ती त्यांच्याआधी शिकली होती. माहेरचा ट्रक तिने चालवलेला होता. लग्नानंतर तिला कुणी मनाई केली नव्हती, फक्त किल्ली कायम त्यांच्या खिशात असायची.

"कडक देऊ की मऊ?" टायरबाई म्हणाल्या.

"त्याचं काही नाही. ओल्या रस्त्यावर सगळ्यात आधी कुठला थांबतो?"

टायरबाईंचा चेहरा उजळला. असा प्रश्न त्यांना महिनोन् महिने कुणी विचारला नव्हता. त्या आत गेल्या आणि तिसऱ्याच जातीचे चार टायर घेऊन आल्या. गादीवाले सवयीने त्यातल्या एकावर बसायला निघाले. बायकोने नुसतं पाहिलं, तशी ते उभेच राहिले.

चारही टायर एकसारखे बसले. बायकोने सीट पुढे घेतली, आरसा आपल्याकडे वळवला, आणि गाडी रस्त्याला लावली. सुरुवातीला ती बेताने चालवत होती. मग तिने एका बसला मागे टाकलं. मग दुसरीला. गाडी जराही इकडेतिकडे झाली नाही. ती गुणगुणत होती आणि गादीवाल्यांना तिची एक बाजू दिसत होती. दुकानाच्या एवढ्या लांबीत ती त्यांना इतक्या जवळून कधी दिसलीच नव्हती. त्यांना विचारायचं होतं की गाडी ठेवायची का, पण तोंड उघडायला धीर होईना.

त्यांची गल्ली आली. फाटकाशी मेहुणा उभा होता. आता गाडी वळेल म्हणून त्याने हात वर केला. गाडी त्याच्यासमोरून सरळ पुढे निघून गेली.

"अगं, आपलं घर गेलं," गादीवाले म्हणाले.

"दिसलं मला," ती म्हणाली आणि तिने गिअर बदलला.