नाकारलेली ओळख

हॉटेलच्या हॉलमध्ये बाईंच्या शोकसभेला मोजकीच माणसं जमली होती. बाई तिथे वीस वर्षं पियानो वाजवत गायल्या. गाता गाता मध्येच थांबून समोरच्यांची फिरकी घ्यायच्या. एकेक जण उठून आठवणी सांगत होता. मागच्या खुर्चीतला चष्मेवाला तेवढा मान खाली घालून बसला होता.

एके काळी दर शनिवारी संध्याकाळी, "माल बघून येतो," असं घरी सांगून तो इथे यायचा. खिडकीजवळचं टेबल, एक कॉफी. नऊ वर्षं त्याचा हा नेम चुकला नाही.

मग एक दिवस बाईच त्याच्या चष्म्यांच्या दुकानात आल्या. वाजवताना समोरचे कागद अंधुक दिसायला लागले होते. नेमके तेव्हाच त्याच्या मुलीचे होणारे सासूसासरे दुकानात बसलेले. त्याला बघून बाई खुलल्या.

"अय्या, तुम्ही तर आमचे खिडकीवाले!"

त्याने चोरून पाहुण्यांकडे बघितलं. "तुमची काहीतरी गल्लत होतेय, बाई. मी नाही तुम्हाला ओळखत."

बाईंची नजर त्याच्यावरून पाहुण्यांवर गेली. मग त्यांच्याकडे वळून हसल्या. "बघा ना, डोळ्यांची ही तऱ्हा! म्हणून तर चष्मा हवाय."

त्याने तो चष्मा जीव ओतून बनवला आणि नोकराच्या हाती पाठवून दिला. पुन्हा म्हणून हॉटेलची पायरी चढला नाही.

आज तो उठला आणि सगळ्यांदेखत हे सांगून मोकळा झाला. निदान कोणीतरी खडसावेल असं त्याला वाटलं होतं. पण बाईंचा म्हातारा ड्रमवाला एवढंच म्हणाला, "फार आठवण काढायच्या हो तुमची. आजारी तर नसतील ना, म्हणायच्या."

घरी येऊन त्याने बायकोलाही सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती.

"शनिवारचं मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "माल बघायला कोणी अत्तर लावून जातं का?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, कधीतरी म्हणाल, चल." तिने चादरीचं टोक त्याच्या हातात दिलं. "गाणं मलाही आवडतं, अहो."

टोक धरून तो उभा राहिला. तिच्याकडे बघायचं काही त्याला धाडस होईना.