टेबलाची मधली फळी

मी फळी बोलतेय. भिंतीवरची नव्हे. जेवणाच्या टेबलाला पाहुणे आले की मधे एक जादा फळी बसवतात ना, ती मी. घरची माणसं तेवढीच असली की माझं काही काम नसतं. त्यामुळे आयुष्यातले बहुतेक दिवस मी कपाटामागे उभ्याने काढले. तक्रार नव्हती. वर्षातून पंधरा-वीस वेळा मला बोलावणं यायचं, आणि ते आलं म्हणजे घरात माणसं येणार हे ठरलेलंच.

टेबल आणि मी एकाच लाकडातून निघालो. सुताराने टेबलाचे दोन अर्धे केले, ते खालच्या पट्ट्यांवर सरकायचे. माझ्या एका कडेला त्याने तीन खुंट्या ठोकल्या, दुसऱ्या कडेला तीन भोकं पाडली. टेबल दोन्हीकडून ओढायचं, मला मधे ठेवायचं, परत ढकलायचं. 'टक्' असा आवाज आला की मी बसले. सहा माणसांचं टेबल दहाचं झालं. माझी रुंदी जेमतेम दीड हात.

ज्या घरी आम्ही गेलो तिथे दोन भाऊ होते. दोघांचा मिळून छोटा छापखाना होता, घराच्या खालीच. थोरल्याची बायको मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. धाकट्याची बायको घरीच असायची, आणि तिच्या हाताला अशी चव होती की कागदवाला पैसे न्यायला येई तो जेवणाच्या वेळेलाच. या दोघी जावा म्हणजे माझं सगळं आयुष्य. थोरली टेबल मांडायची, धाकटी ते भरायची.

थोरलीचं मांडणं ऋतूप्रमाणे बदलायचं. उन्हाळ्यात ती टेबलावर पांढरी चादर घालायची आणि माझ्यावर काचेचं पसरट भांडं ठेवायची. त्यात नुसतं पाणी, दोन लिंबं आणि त्यांचीच पानं. हात पुसायचे रुमाल ओले करून, गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची. घामाघूम होऊन आलेला माणूस तो रुमाल तोंडावर धरायचा आणि घटकाभर बोलायचाच नाही.

पावसाळ्यात चादर नसायची. "वाळायची कुठे?" म्हणायची, आणि उघड्या लाकडाला तेल लावून चकचकीत करायची. मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत मेणबत्त्या ठेवायची, मागच्या भिंतीवर आपोआप उगवलेलं नेचं तोडून त्यांच्याभोवती लावायची. पानगळीला वाळकी पानं कागदात धरून इस्त्री करायची आणि एकेका पानावर पांढऱ्या रंगाने एकेकाचं नाव लिहायची. ज्याने त्याने आपलं पान शोधून बसायचं. थंडीत जुन्या शालीची पट्टी अंथरायची आणि खुर्च्या मुद्दाम जवळ जवळ लावायची. वसंतात खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या धुऊन ठेवलेल्या असायच्या, त्यांत एकेक कळ्यांची काडी.

तिचे नियमही होते. फुलं हनुवटीच्या वर जाता कामा नयेत, समोरचा दिसला पाहिजे. ज्यांचं आपसांत पटत नाही त्यांना समोरासमोर बसवायचं नाही, एका बाजूला बसवायचं. "समोर आले की शिंगाला शिंग लागतं," ती म्हणायची.

हे सगळं ती शिकवायची कुणाला, तर धाकटीच्या मुलीला. थोरलीला स्वतःचं मूल नव्हतं. पुतणी स्टुलावर उभी राहून रुमालांच्या घड्या घालायची आणि चुकली की म्हणायची, "काकू, हा रुमालच वाकडा आहे."

अकरा वर्षं असं चाललं. पाहुणे यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "वा, काय टेबल मांडलंय." मग जेवायचे, ताटं चाटूनपुसून जेवायचे, आणि जाताना पुन्हा टेबलाबद्दलच बोलायचे. धाकटी तेव्हा आत भांडी घासत असायची. मी मधे असल्यामुळे मला दोन्हीकडचं दिसायचं. बाहेर थोरली हसत असायची, आत धाकटीच्या भांड्यांचा आवाज वाढत जायचा. कुणी वाईट नव्हतं. पण कौतुकाची वाटणी सारखी होत नव्हती, आणि ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

पानगळीचे दिवस होते. शाळेच्या मुख्याध्यापिका, डॉक्टर आणि त्यांची बायको, कागदवाला, असे सगळे जेवायला यायचे होते. थोरलीने त्या दिवशी माझ्यावर पानांची मोठी रांगोळीच म्हणा ना, अशी मांडणी केली होती. दीड हात रुंदीतली चार बोटंही मोकळी नव्हती. पाहुणे येऊन बसले तरी तिचं पानं सारखी करणं चालूच होतं.

धाकटी आतून रस्सा घेऊन आली. मोठं पितळी भांडं, खालून चटके देणारं, हातात एकच पातळ फडकं.

"ताई, कुठे ठेवू?"

"थांब जरा. एवढी कड होऊ दे."

ती थांबली. मी तिचे हात बघत होते. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर गेली.

"ताई, भाजतंय."

"अगं, दोन मिनिटं. सगळं विस्कटेल."

धाकटीने भांडं थेट पानांवर ठेवलं. पानं चुरली, एकदोन करपली आणि माझ्या अंगावर गोल काळा डाग उठला. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या बोलण्याचं.

"पानं खाऊन कुणाचं पोट भरत नाही, ताई," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नव्हता.

थोरलीने तिच्याकडे न बघता चुरलेली पानं गोळा केली. "स्वयंपाक काय, कुणीही करतं. बाई ठेवली तरी होतो."

डॉक्टरांच्या बायकोने पाण्याचा पेला उचलला आणि नुसताच धरून ठेवला. धाकटी आत गेली. त्या दिवशी वाढायला ती पुन्हा बाहेर आली नाही, पुतणीनेच सगळ्यांना वाढलं. धाकटीच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना फोड आले होते.

तीन महिन्यांत धाकट्याने दुसरीकडे जागा घेतली, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांची. छापखाना एकच राहिला. दोघे भाऊ रोज शेजारी उभे राहून काम करायचे, आणि घरचा विषय निघाला की कुणीतरी एक जण यंत्र सुरू करायचा.

सामान निघालं तेव्हा थोरली म्हणाली, "टेबल त्यांना द्या. माझ्या उपयोगाचं काय आता?" टेबल गेलं. मी कपाटामागे होते. टेम्पो वळल्यावर थोरल्याच्या लक्षात आलं.

"अगं, फळी राहिली की."

"राहू दे," ती म्हणाली.

तिच्या मनात काय होतं ते मला नक्की सांगता येणार नाही. मला वाटतं, फळीसाठी तरी धाकटी परत येईल अशी तिला आशा होती. पण ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि न सांगितलेल्या आशेचं पुढे हट्टात रूपांतर झालं.

दोन वर्षांनी पुतणी आली. मोठी झाली होती. पुढच्या शिक्षणासाठी लांबच्या शहरात जायची होती, त्याआधी दहा जणांना जेवायला बोलावलं होतं.

"काकू, आई म्हणते, फळी द्याल का? आणि तुम्हीही या. मांडायला कुणी नाही."

"हे मांडायचं तू म्हणतेस की ती?"

मुलगी खरं बोलणारी. "मी," म्हणाली.

"मग तिला म्हणावं, फळी हवी असेल तर स्वतः ये."

पुतणी थोडा वेळ बसली, मग चहा न घेता गेली. धाकटी आली नाही. थोरला त्या जेवणाला एकटाच जाऊन आला. बायकोने विचारलं नाही, पण त्याने सांगितलं. "टेबल पुरलं नाही, दहा जण दोन पंगतींत जेवले. आपली पोर सगळ्यांत शेवटी जेवली." थोरलीने दिवा मालवला आणि मी कपाटामागे तशीच उभी राहिले.

आणखी एक वर्ष गेलं. थोरली शाळेतून निवृत्त झाली. त्या दिवशी संध्याकाळी तिने मला बाहेर काढलं, दोन स्टुलांवर आडवी ठेवली, वर पांढरी चादर घातली, काचेच्या भांड्यात पाणी आणि लिंबं ठेवली. दोन ताटं. बाहेरून मागवलेलं जेवण. नवरा येऊन बसला.

"छान दिसतंय," तो म्हणाला. मग दोन घासांनी हळूच म्हणाला, "गार झालंय जरा."

ती जेवली नाही. कितीतरी वेळ चादरीवरची एक सुरकुती बोटाने सारखी करत राहिली.

पुढच्या रविवारी तिने मला जुन्या चादरीत गुंडाळलं. दोघा भावांनी मला जिना चढवला आणि ते लगेच गॅलरीत जाऊन उभे राहिले. धाकटीने दार उघडलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पिठाचे होते.

"फळी आणलीय," थोरली म्हणाली.

धाकटी बाजूला झाली. टेबल खिडकीपाशी होतं, त्यावर डब्यांचे ढीग. ती आता जेवणाचे डबे करायची. थोरलीने टेबलाची कड धरून ओढली. ते हललं नाही. पुन्हा ओढली.

"नाही उघडायचं ते," धाकटी म्हणाली. "पीठ मळताना मधे फाकायचं. सुताराला बोलावून बंद करून घेतलं. खालून लोखंडाची पट्टी मारलीय, सांध्यात सरस भरलाय."

"कधी?"

"मागच्या थंडीत. पोरीला तुमच्याकडे पाठवलं होतं ना, त्यानंतर सहा महिने थांबले होते."

थोरली खुर्चीवर बसली. धाकटीने हात धुतले, चहा ठेवला.

"मी तसं बोलायला नको होतं," थोरली म्हणाली.

"मीही तुमच्या पानांवर भांडं ठेवायला नको होतं."

"हात भाजत होते म्हणून ठेवलंस."

"हो," धाकटी म्हणाली. "भाजत होते."

मग थोरलीने विचारलं, कुणाला जेवायला बोलावतेस की नाही. धाकटी म्हणाली, साठ डबे गेल्यावर मांडून जेवायचं त्राण उरत नाही, आम्हीही डब्यातलंच खातो. "आणि तुम्ही?"

"मी मांडते," थोरली म्हणाली. "येत कुणी नाही."

मला परत न्यायचं की ठेवायचं, हा प्रश्न शेवटी निघाला. धाकटी म्हणाली, "ओटा पुरत नाही. डबे ठेवायला होईल." तिने भिंतीत दोन लोखंडी कोन ठोकून घेतले आणि मला त्यांवर बसवलं.

आता मी इथे आहे. टेबल माझ्यापासून तीन हातांवर. रोज समोरासमोर असतो, सांधता येत नाही. माझ्यावर डबे भरले जातात, झाकणं लागतात, माणसं येऊन ते घेऊन जातात. अन्न कुणाच्या तरी पोटात जातं याचं समाधान आहे, खोटं कशाला बोलू. पण माझ्याभोवती कुणी बसत नाही.

थोरली त्यानंतर दोनदा आली. मग गुडघे गेले आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. धाकटी दर आठवड्याला म्हणते, "मीच जाऊन येईन." रविवारीही डबे असतात.

तुमच्या घरात कपाटामागे कुणाची वस्तू असेल, तर नेऊन द्या. माफी मागणं जमत नसेल तर मागू नका, नुसती वस्तू दारात ठेवा. पण लवकर ठेवा. समोरचा माणूस वाट बघतो, आणि मग एक दिवस त्याला कामाला लागावंच लागतं.

पुरे करते. धाकटी ओलं फडकं घेऊन आली आहे. ती मला पुसते तेव्हा मी बोलत नाही.