गोदावरीच्या घरची फोडणी

अच्युतनं गोदावरीचं मनगट पिरगाळून तिच्या हातातली गोळी खाली पाडली, तेव्हा मी शेजारीण त्यांच्याच अंगणात लाखोळीच्या शेंगा काठीनं झोडत होते.

"माता आलेल्या बाईले गोळी देतेत का कोनी?" तो ओरडला. "देवी कोपली तं तुले घेऊन जाईन!"

खोटं कशाला सांगू, ही आग मीच लावली होती. गोदावरीच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला आणि रायपूरच्या डॉक्टरनं रोज एक गोळी लावून दिली. बाराव्या दिवशी तिचं तोंड, छाती फोडांनी भरून गेली. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, असं अंग फुललं की ती माताच, देवी अंगावर आली म्हणायचं. मी मोठी शहाणी! दारावर कडुलिंब मीच बांधला. माता असलेल्या घरात फोडणी द्यायची नाही, औषध द्यायचं नाही, हेही मीच बजावलं. अच्युतचा बायकोवर जीव होता, म्हणून तर तो इतका भ्याला.

"ही माता नाही," गोदावरी म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं होतं, फोड येतीन. मलम देऊ, पन गोळी आपल्या मनानं बंद नका करू म्हने. तुमी तवा भाईर बिडी पीत होते!"

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. फोड फुटले, त्याच्या तळहाताला रक्त लागलं. मग कोनाड्यातली गोळ्यांची बाटली उचलून त्यानं शेणखड्ड्यात भिरकावली.

गोदावरी धावली. धावली कसली, पायाची नखं पिकली होती, टाचा फाटल्या होत्या, ती रांगतच निघाली. त्यानं वेणी धरून तिला मागं ओढलं. ती माझ्या पायाशी येऊन पडली आणि पडल्या पडल्याच तिनं माझ्या हातातली काठी हिसकली. एकदा नाही, तीनदा हाणली त्याच्या कपाळावर. तो मटकन खाली बसला. मी मध्ये पडले नाही. मला माझीच लाज वाटत होती.

"देवीच्या नावानं नका मारू मले!" ती किंचाळली. "माराचंच असन तं ही घ्या काठी!"

काठी त्याच्यापुढं टाकून ती खड्ड्यात उतरली. कोपरापर्यंत शेणात हात घालून चाचपत राहिली. बाटली सापडली, पण सुजलेल्या बोटांनी झाकण उघडेना. तिनं ती अच्युतपुढं धरली.

"उघडा."

त्यानं डोळ्यांतलं रक्त पुसलं आणि उघडली. तिनं पाण्याशिवायच गोळी गिळली.

"आता फोडणी द्या."

"तुले तं तोंड आलं. कशी खाशीन?"

"मी नाई खात. पन पाऱ्यात वास गेला पायजे."

"हव," तो म्हणाला.

मी कडुलिंब ओढून काढला. अच्युत डोक्याला गमछा बांधून चुलीपुढं बसला. तेल कडकडलं, लाल मिरच्या पडल्या. ठसका थेट रस्त्यापर्यंत गेला. रायपूरजवळच्या नव्या राजधानीच्या बांधकामाला गिट्टी नेणारे ट्रक तिथं धूळ उडवत होते. शेजारच्या भिंतीवरून दोन-तीन डोकी वर आली.

गोदावरीला खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाशी धरून ती वाकून वाकून खोकली. अच्युत घाबरून कढई उतरवायला लागला.

"राहू द्या," ती म्हणाली. "आनखी दोन मिरच्या टाका."