मायची किडनी, लेकीचं अंग

मित्रांनो, मी एक जुनी किडनी आहे. माझ्या बहिणी तुमच्या कमरेशी जोडीने राहतात आणि मुकाट्याने रक्त गाळतात. मीही मोर्शीजवळच्या पार्बताबाईच्या अंगात तशीच राहत होते. ती वांगी, मिरच्या आणि संत्री पिकवणारी बाई. उन्हात राबायची, पाणी प्यायचं विसरायची, तरी मी कधी कुरकुर केली नाही.

तिची लेक रागिणी अकोल्याला जठारपेठेत नवऱ्यासोबत, चंदनसोबत, फुलांचं दुकान चालवायची. ऐन तरुणपणी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. यंत्रावर रक्त शुद्ध करून घेता घेता ती पार थकली. तेव्हा पार्बताबाई डॉक्टरांना म्हणाली, "माह्या दोन हायेत ना? एक काढा अन् लावा तिले."

अमरावतीच्या एका दवाखान्यात मला रागिणीच्या पोटात उजव्या बाजूला बसवलं. रक्त आलं आणि मी लगेच कामाला लागले. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. त्या अंगाने मात्र नाही! रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. परकं दिसलं की तुटून पडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मी जिच्या अंगातून आले तिच्याच पोटी रागिणी जन्मली, हे त्यांना कोण सांगणार? त्यांना आवरायला रोज गोळ्या लागत. ते सुस्तावले, पण मग रागिणीला साधा खोकलाही सोडेना. गोळ्यांनी हात थरथरत, हार गुंफताना दोरा सुटे.

पार्बताबाई एकदा चिडून त्या दवाखान्यातल्या डॉक्टर रश्मींना म्हणाली, "मॅडम, आमी जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतो, ते धरते. मंग माह्या पोटच्या पोरीच्या आंगात माहं काहून धरत नाई?"

"झाडात आपल्या रक्तातल्यासारखे फिरते पहारेकरी नसतात, पार्बताबाई. या पहारेकऱ्यांना तुमची ओळख पटवता येते का, तेच आम्ही शोधतोय."

रश्मींचं संशोधन असं होतं: आईच्या हाडांच्या मज्जेतल्या पेशीही लेकीला द्यायच्या, म्हणजे शरीर हळूहळू त्यांच्यासोबत मलाही आपलं मानेल. मग गोळ्या थोड्या थोड्या कमी करायच्या. "काहींना जमलं, काहींना नाही," रश्मींनी बजावलं. "म्हणून दर महिन्याला रक्ताची तपासणी. ती चुकवायची नाही."

रागिणी तयार झाली. गोळ्या कमी झाल्या, हात स्थिर झाले. पहारेकरी मला न डिवचता शेजारून जाऊ लागले. वाटलं, पटली एकदाची ओळख!

पुढे दसरा आला. दुकानात झेंडूचे ढीग लागले आणि त्यातच तपासणीची तारीख आली.

"जाऊन ये ना व अमरावतीले," चंदन म्हणाला.

"बरी तं हाय मी! एवढा धंदा सोडून कुठं जाऊ? दिवाळी झाली का जातो."

नेमके त्याच दिवसांत पहारेकरी उलटले. मित्रांनो, माझं खरं दुखणं ऐका. मला इथे आणलं तेव्हा रक्तवाहिन्या जोडल्या, पण दुखणं सांगणाऱ्या नसा जोडता येत नाहीत. दात दुखला तर सारं घर डोक्यावर घेतो. मी आतून कुरतडली जात होते आणि रागिणी हसत हार मोजत होती! काय संताप झाला माझा! ती तपासणी हेच माझं एक तोंड होतं, आणि तेच तिने बंद केलं.

दिवाळी सरता सरता तिचे पाय सुजले. दवाखान्यात सुईने माझा बारीक तुकडा काढून तपासला. रश्मींनी चष्मा काढून टेबलावर टाकला. "वेळेवर आला असतात तर लगेच गोळ्या वाढवल्या असत्या. आता किडनी अर्धीच वाचली. हा प्रयोग तुमच्यासाठी संपला. गोळ्या कायमच्या."

रागिणीने सगळा राग मायवर काढला. "तुही किडनीच मले मानवली नाई!"

पार्बताबाईने तिचे सुजलेले पाय आपल्या मांडीवर घेतले. मग म्हणाली, "मंग दुसरी घे."

"तसं नको बोलू व माय!" म्हणत रागिणी तिच्या कुशीत रडली.

आता मी अर्ध्या ताकदीने काम करते. पहारेकरी अजून मला परकीच समजतात, गोळी चुकण्याची वाट पाहतात. रश्मींचा शोध चालू आहे. कधीतरी एखादी किडनी गोळ्यांवाचून सुखाने नांदेल. ते माझ्या नशिबी नाही याचा राग येतो, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, ज्याला दुखलं तरी ओरडता येत नाही, त्याची विचारपूस आपणच वेळेवर करायची असते.

यंदाच्या दसऱ्याला दुकानात गर्दी असतानाच तपासणीची तारीख आली. रागिणीने पिशवी उचलली.

"एवढी गिऱ्हाइकी सोडून कुठं चालल्या ताई?" एका बाईने विचारलं.

रागिणीने पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवला.

"मायले दवाखान्यात नेऊन राहिली," ती म्हणाली, आणि अमरावतीची बस धरायला निघाली.